वर्की घराणं

दिग्रसच्या अलीकडे, मर लागलेल्या तुरीच्या प्लॉटात
मी सातव्या ओळीत उकिडवी बसलेली.
भागरथामावशी खुरपं थांबवून म्हणाली,
"काय पाहून राहिली वं पोरी?"

म्हटलं, एक घराणं आहे तुरीच्या पेशीत. वर्की.
"हे आडनाव इकडचं नाई."
नाही. चार अक्षरं आहेत, डब्ल्यू, आर, के, वाय,
प्रत्येकाच्या अंगावर एकाच जागी गोंदलेली.
त्यावरून ओळखायचं.
"कितीक जन हायेत?"
मोजले तेव्हा चौऱ्याण्णव.
"अन् कामाचे?"

मी हसले. ती नाही.

तोच तर प्रबंध आहे, मावशी.
हे स्वतः काही बनवत नाहीत, ना पान, ना शेंग.
कोतवालासारखं दुसऱ्याच्या दाराशी जायचं,
कडी वाजवायची: ऊठ, बुरशी शिवेत आली.
पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

संध्याकाळी ओळीला बुरशीचं पाणी पाजलं.
मग रात्री दहाला, दोनला, सहाला
बॅटरी तोंडात धरून मुळ्या उकरल्या,
प्रत्येक झाडाचा एकेक फाटा कापला.
नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून उसना.
ढोमणे डॉक्टरांनी बजावलेलं, झाकण उघडं टाकू नका,
खाली वळूच्या कांड्या आहेत.
तर तुरीची मुळं आणि साहिवाल वळूचं वाण
उणे एकशे शहाण्णवात
उजाडेपर्यंत शेजारी निजलं.

दोन महिन्यांनी आलेख आला.
बहुतेक जण ओट्यावर बसल्यासारखे, हूं की चूं नाही.
काही उठले, पण झाड गेल्यावर.
एक्केचाळिसावा मात्र चार तासांत जागा,
आणि तोही एकाच झाडात.

माझ्या वहीत ते नुसतं ओळ सात, झाड एकोणीस.
मावशीनं त्याला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली,
दसऱ्याच्या आधीच.
"बाजूचे सारे माना टाकून, अन् हे
शेंबड्या पोरावानी उभं. म्हटलं, असू दे."

त्या जनुकाच्या उंबरठ्यापाशी एक अक्षर वेगळं आहे.
कारण तेच असेल. नसेलही.
गाईड म्हणतात, एका झाडावर काही सिद्ध होत नाही.

एकशे बारा दाणे निघाले, एवढेच.
पाकिटावर नंबर टाकेपर्यंत
मावशीनं मोजून सात उचलले, पदराच्या गाठीत बांधले.
"हे माह्या बांधावर."

नियमात बसत नाही.
मी वहीत लिहिलं: एकशे पाच.