लीकेज

ओल जिथं दिसते तिथून ती येत नसते,
हे मी तेजसला पहिल्याच दिवशी शिकवलं.
मुलुंडच्या त्या सोसायटीत मोकाशीबाईंनी
चौथ्यांदा छताला रंग दिला, चौथ्यांदा पोपडे धरले.
मी खालूनच सांगितलं, वर चारशे दोनमध्ये जा,
न्हाणीघराचा ट्रॅप बघा.

आणि हाच मी
अकरा वर्षं छातीला रंग देत होतो.
रात्री तीनला उशी उभी करून बसायचं,
आत शिट्टी, कुकरसारखी,
निळा पंप दोनदा दाबायचा
आणि सकाळी पान्हे उचलून कामाला.
नाक काय, चोंदतंच. कपाळ जड झालं,
तर ऊन लागलं म्हणायचं.

डॉक्टर खोतकर, वयानं माझ्या पुतणीएवढी,
छाती ऐकून झाल्यावर टॉर्च घेऊन नाकात शिरली.
"वास कधीपासून येत नाही?"

आता हिला काय सांगू?
आमच्या धंद्यात ते वरदान.
चेंबरचं झाकण उघडलं की पोरगा रुमाल बांधतो,
मी तिथंच कट्ट्यावर डबा खाल्लाय.
सुरमई काय, दुधी काय.
बायको विचारायची, कसं झालंय?
मी म्हणायचो, मस्त.

"लाइन एकच आहे, साटमकाका,
नाकापासून पार खालपर्यंत.
वर सुजलंय, तुम्ही खालीच बघत बसलात."
मला हसू आलं. तिला वाटलं,
ह्यांना काही कळलेलं नाही.

मीठपाण्यानं धुवायचं, उकळून गार केलेल्या.
मग फवारा : मान किंचित खाली,
उजव्या हातानं डावी नाकपुडी, डाव्यानं उजवी,
नेम मधल्या भिंतीवर नाही, कानाकडे.
आणि सकाळ-संध्याकाळचा पंप सोडायचा नाही.
वरचं गळणं थांबलं तरी
खालची भिंत वाळायला वेळ लागतो,
हे तिनं नाही सांगितलं. ते मला माहीत होतं.

अजून एखादी रात्र उशी उभी राहतेच.

पण परवा भांडुपला, डक्टमध्ये,
गुडघ्यावर बसलो आणि
काहीतरी आलं, आंबट, कुजकं,
खोबरेल तेलासारखंही थोडं.
"तेजस, इथं काही तुंबलंय का रे?"
"बाबा, कालपासून तुंबलंय. म्हणून तर आलोय.
पान्हा द्या."

म्हटलं, थांब.
जरा थांब.