मधली खोली

वनमाला, तू जाऊन राहिली न, मग ऐक.
खोली मधली घे. खालच्या मजल्यावरची.
खिडकीचा हट्ट नको करू.
टोकाची खोली पाळण्यावाणी जाते-येते,
मधली फक्त श्वास घेते.
आपण झिरो माईलजवळची माणसं,
कोणत्याही बाजूनं निघालो तरी समुद्र लांबच.
मधात राहणं आपल्याला जमते.

बॅग एकदा धक्क्यावर सोडली
की संध्याकाळपर्यंत दिसत नाही.
बीपीच्या गोळ्या, चष्मा, एक गाऊन
जवळच्या पिशवीत ठेव.
पहिल्या वेळी मी सात तास
त्याच घामेजल्या साडीत बसली होती,
नाचणाऱ्या लोकांच्या मधात,
मांडीवर संत्रा बर्फीचा डबा.
तो मात्र हातचा सोडला नव्हता.

भिंती लोखंडाच्या असतात, बाप्पा!
हे कोणी सांगत नाही.
इतवारीतून लोहचुंबकाचे हूक घे, डझनभर.
टोपी, नॅपकिन, ओलं परकर,
सगळं भिंतीला लटकते.

मळमळलं तर आत पडून राहू नको.
वर ये, पाणी जिथं संपते ती रेघ पाहा.
हिरवं सफरचंद मागितलं की देतात.
आलं आपलं आपण न्यायचं, वाळवून, मीठ लावून.

खायला रात्रंदिवस असते
अन् तिसऱ्या दिवशी जीभ रुसते.
मी सावजी मसाल्याची पुडी नेते.
रोडेल नावाचा फिलिपिनो पोरगा होता वाढायला,
त्यानं आमलेटवर चिमूटभर टाकून पाहिला,
तीन ग्लास पाणी प्यायला,
अन् दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन उभा.

बंदरात उतरली की गावाचं घड्याळ पाहू नको.
जहाजाचं घड्याळ वेगळं असते.
फुकेतला गोंदियाचं एक जोडपं
धक्क्यावरून पळत आलं, हातात शहाळी.
शिडी उचलली होती.
आम्ही वरून सगळे हात हलवत होतो, हौसेनं.
मग समजलं, अन् एकेकाचा हात
खाली आला.

एकटीला दोघांचे पैसे लागतात.
काउंटरवरची पोरगी खाली पाहून सांगते.
मी म्हणते, लाव.
रात्री खोलीवाला टॉवेलचा हत्ती करून ठेवतो,
अन् दोन उशांवर दोन चॉकलेटं.
एकच ठेव रे, सांगायला गेली होती एकदा.
दारापर्यंत गेली, परत आली.
दुसरं सकाळी खाते, चहाच्या आधी.
ह्यांना साखर वर्ज्य होती,
म्हणून त्यांचं मलाच खावं लागते.

शेवटल्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवायची.
अंगावरचा एक जोड मागं ठेवून, समजलं?
बैतूलच्या एका साहेबांनी सगळंच भरून दिलं होतं.
सकाळी पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात उतरले,
रांगेत ताठ, कागदपत्रं छातीशी,
जसे काही झेंडावंदनाला आले.

अन् एक गोष्ट कोणत्याच कागदावर नसते.
परत आल्यावर तीन दिवस जमीन हलते.
त्रिमूर्तीनगरात, ओट्याला धरून
मी कुकरच्या शिट्ट्या मोजते.
डॉक्टर म्हणतात, कानातलं आहे, जाईल.
जाते.
पण मे महिन्यात रात्री कूलर घरघरतो न,
अगदी खालच्या मजल्यावरच्या इंजिनावाणी,
अन् खसचा ओला वास येते,
तेव्हा मला गाढ झोप लागते.
मग दोन वाजता लाईट जाते.
सगळं एकदम बंद.
मी उठून बसते.
वाटते, लागलं जहाज.
अंधारात चप्पल शोधते पायानं,
दुसऱ्या उशीला सांगते, चला, उठा.

जाऊ दे. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेव.
अन् हूक घ्यायला इतवारीत एकटी नको जाऊ,
दुकान सापडणार नाही तुला.
मी येते. बुधवारी येऊ?