सोडलेला कोळसा

मष्णूकाका झरियाकडं खाणीत सर्व्हेअर होता.
आता बेकिनकेऱ्यात रताळी काढतो.

गॅसच्या विहिरीभोवती किती कोळसा सोडायचा
ते त्याची पेन्सिल ठरवायची.
"साहेब नेमका तेवढाच मागायचे."

मी विचारलं, खालचा कोळसा काढला की
पाईप लगेच तुटतो काय ओ?
बोलला नाही.
वरंब्यात जोंधळ्याचं हिरवं ताट खोचलं
आणि एका अंगानं रताळी उकरत गेला.
ताट उभंच.
"बघितलास? इथंच म्हणतात, काय झालं नाही."

चहा झाला. भरमाच्या म्हशी ओढ्यावरनं परतल्या.
मग माती बसली, बोटभर,
आधी खाली, मग कुशीवर,
आणि ताट मातीतल्या मातीत
वाकलं.

"तुटलं असतं तर कळलं असतं," काका म्हणाला.
"वाकलेल्या पाईपातनं गॅस मुकाट्यानं निघतो
खाणीतल्या माणसाकडं."

पुढच्या वरंब्यात ताट नव्हतं.
तरी मधले चार वेल त्यानं तसेच ठेवले.
"हे काय, विसरलासा?" काकू बांधावरनं ओरडली.

काकाचा हात वरच्या खिशात
पेन्सिल चाचपत होता.