बारीक अक्षरं

पवननगरला खैरनारांच्या दुकानात
माशांचं खाणं सुटं मिळतं.
वीस किलोच्या गोणीतून पाव किलोच्या पिशवीत,
वर स्टेपलरची एक पिन.
तारीख विचारली तर म्हणाले,
"ताई, माशाला कुठं वाचता येतं?"

मला येतं.
सातपूरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
मी गोळ्यांच्या बॅचा नापास करत आले.
गोणी फिरवून घेतली, चष्मा कपाळावर चढवला.
मासळीचा भुगा.
कुठल्या मासळीचा, ते नाही.
सोया पेंड, गव्हाचा चुरा, परवानगी असलेला रंग.
परवानगी कुणाची, तेही नाही.
पुढची ओळ शिवणीत गेलेली.

मूठभर नाकाशी धरलं.
खवट तेल मला झोपेतही ओळखू येतं.
तळाशी ढेकूळ निघालं,
त्यावर हिरवट लव.

घरी काचेत सात होते, आता चार.
पाणी बदललं, हीटर बदलला,
निनादने औषधाचे थेंब मोजून टाकले.
ताटात काय पडतं ते कुणीच पाहिलं नाही,
मीसुद्धा.

खैरनार ढेकूळ बोटांनी फोडत राहिले.
मग खालच्या आवाजात,
"माझ्याही टाकीत मरतायत. मला वाटलं, धरणाचं पाणी."

रात्री चार वाटाणे उकडले,
साल काढून चिमटीत दाबले.
शेपटी फाटलेल्याने एक तोंडात घेतला,
थुंकला,
परत घेतला.

वहीत बॅच नंबरच्या जागी रेघ मारलीय.
शेरा अजून लिहिलेला नाही.