खोली कशी वाजते

दस्तगीर अत्तार तापकीर गल्लीतून आला
तो हात हलवत.
मला वाटलं होतं मीटर आणेल, पेटी आणेल.
त्यानं चपला दाराशी काढल्या,
हॉलच्या मधोमध उभा राहिला
आणि एक टाळी वाजवली.

"ऐकलंत? टाळी गेलीच नाही अजून.
घरातून मोठं सामान गेलंय का, काका?"

गेलंय. मार्चमध्ये.
वाटणीत धाकट्याकडे दिवाण गेला, लोकरी गालिचा गेला,
पुस्तकांचं कपाट पुस्तकांसकट.
वकिलानं दोन पानी यादी केली होती,
तीत हा घुमारा नव्हता.

ग्रॅच्युइटीतले सत्तर हजार घालून मी स्पीकर आणले,
टीव्हीच्या दोन अंगांना, भिंतीला टेकवून,
द्वारपाल उभे करावेत तसे.
वर वैजयंतीचे क्रोशाचे रुमाल, एकावर गणपती.
सगळं मोठ्यानं वाजायचं.
मोठं म्हणजे चांगलं,
हे मी भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये शिकलो,
एकतीस वर्षं, कानात कापूस घालून,
तोही साहेब फेरीवर असले तरच.

दस्तगीरनं गणपतीला नमस्कार करून शोकेसमध्ये ठेवलं.
स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढं ओढले,
तोंडं किंचित आत वळवली.
"भांडल्यासारखे बसवलेत. तुमच्याकडं बघू द्या त्यांना."
समोरच्या भिंतीवर गोधडी टांगायला लावली.
पाहुणे काय म्हणतील, वैजयंती म्हणाली.
"ताई, पाहुण्यांचाही आवाज सुधारेल."

मग आवाज कमी केला.
अजून कमी.
अहो, आता उरलं काय?
"आता ऐका."

पर्वतीवरून संध्याकाळी खाली बघावं,
तर आधी नुसतं शहर असतं.
मग सहकारनगर. मग आपली गल्ली.
बऱ्याच वेळानं आपल्या गच्चीवर
काढायची राहिलेली चादर.

तसं
गाणाऱ्या बाईंच्या मागं, डावीकडं, हातभर अंतरावर
तंबोरा.
इतकी वर्षं तो मला पंख्याच्या घरघरीइतकाच होता.
आता चारही तारा सुट्या,
आणि खर्ज विरायच्या आत पहिलीवर परत येणारं बोट.
अर्धा तास कुणीतरी न थकता छेडत होतं.
रेकॉर्डच्या वेष्टनावर बघितलं. नाव नव्हतं.

"बांगडी," वैजयंती म्हणाली.
कसली बांगडी?
"भोपळ्याला लागली. आत्ता, समेच्या जरा आधी."

मी सुई मागं नेली. नाही.
पुन्हा नेली. नाही.
दस्तगीर माझ्याकडं न बघता
उरलेली वायर गुंडाळत बसला.

निवृत्तीच्या वर्षी कर्वे रस्त्यावर
कानांचा आलेख काढला होता.
रेघ बरी चालली होती आणि मग एकदम कडा.
वरचे बारीक आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाल्या,
रोजच्या जगण्याला त्यानं अडत नाही.

त्या रात्री ती भाकरी थापत होती.
मी स्वयंपाकघराच्या दारात उभा.
हातात चार हिरव्या बांगड्या, वर-खाली, वर-खाली.
मला वाटत होतं,
घरात तिनं त्या घालणं सोडून दिलंय.
कधीपासून वाटत होतं,
ते काही आठवेना.

धाकट्याचा फोन आला, गालिचा मावत नाही, घेऊन जा.
आणतो म्हटलं. आधी टाळी वाजवून बघेन.

रविवारी दुपारी आम्ही ती रेकॉर्ड लावतो.
मी खुर्चीत, ती दिवाणाच्या जागी, सतरंजीवर.
सम जवळ आली की ती हातातलं निवडणं थांबवते,
बोट वर करते.
"आली," म्हणते,
आणि मी मान डोलावतो, अगदी जागेवर.