सव्विसावी जर्सी

सोमवारी सकाळी पर्सी हातगाडा ढकलत यायचा.
"आलं बाई, न्यूझीलंडचं ओझं," म्हणत
दारातच ओतायचा सव्वीस काळ्या जर्सी,
छातीवर पांढरा कोन, कॉलरच्या आत शाईनं नाव.

सहा आठवडे बोटीत काढून आलेली पोरं ती.
शनिवारी गिरणी सुटली की आमचं अख्खं गाव मैदानाकडे,
तेरांविरुद्ध तेरा, आणि पाऊस दोघांच्याही विरुद्ध.
मी कधी गेले नाही.
मला सामना सोमवारी कळायचा:
खांद्याची शिवण उसवली, म्हणजे स्क्रममध्ये रेटारेट झाली,
पोटावर हिरवा ओरखडा,
म्हणजे चेंडू पोटाशी धरून कुणीतरी रेषेपलीकडे घसरत गेला,
बाहीवर रक्त, बहुतेक दुसऱ्याचं.
कोळशाचा संप लांबला होता.
परसातल्या कुंपणाच्या फळ्या जाळून मी बंब तापवायची
आणि पाणी तीनदा बदललं तरी काल्डर नदीसारखंच काळं.

एक जर्सी मात्र घडीसुद्धा न मोडता यायची.
ऑ. ट्रेगोनिंग.
वास फक्त डांबरगोळ्यांचा.
"हा कोण रे?"
"खाणीतला आहे, तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा.
अजून खेळवलाच नाही त्याला.
हरताहेत, तरी नाही."
"मग धुवायला कशाला?"
"कागदावर सव्वीस आहेत, बाई."

तर मीही धुतली. पैसे सव्विसांचे घ्यायचे
आणि हात पंचविसांना लावायचा, हे आमच्यात नाही.
आठवड्यामागून आठवडा
स्वच्छ कापड स्वच्छ करत राहिले,
पिळताना त्यातून निर्मळ पाणी गळायचं.
त्याची मला लाज वाटायची, का कोण जाणे.

नोव्हेंबर सरता सरता
ती आली चिखलानं माखून.
कोपरं, पोट, पाठ, सगळं.
मी एकटीच हसले मोरीत.
लागली वर्णी पोराची!
पर्सीला विचारणार होते, कुणाशी खेळला,
पण तोवर बोटं त्या चिखलात गेली होती.

मैदानाच्या चिखलात चुन्याचे खडे असतात, गवताचे तंतू.
हा मऊ होता, लोकरीच्या तुपानं तेलकट,
आणि कडेनं वाळताना निळा पडत चाललेला.
रंगखान्यामागच्या कालव्याचा.
तिथे कुणी खेळत नाही.
तिथे रात्री जायचं तर भिंत चढावी लागते,
मग काठाशी गुडघे टेकून
दोन्ही हातांनी.

पर्सीला मी काही विचारलं नाही.

चिखल मला आधीपासून कळतो.
विल्फ्रेडचा कोट सतरा साली पार्सलातून आला
तेव्हा त्यावर कोपरापर्यंत फ्रान्स होता.
आईनं तो कुणाला धुऊ दिला नाही.
संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायची,
नखाएवढा पोपडा गळून पडला
तर उचलून खिशात परत ठेवायची.
मी तेव्हा चिडायचे तिच्यावर.
घरभर माती, म्हणायचे.

ट्रेगोनिंगची जर्सी मी पहिल्या पाण्यातून काढली,
दुसऱ्या पाण्यातून काढली,
पांढऱ्या कोनाच्या टोकाशी
पेनीएवढा निळसर डाग उरला.
सोडा होता. ब्रश होता. हातात जोरही होता.

इस्त्री केली, घडी घातली,
डाग आत राहील अशी.

जानेवारीत बोट सुटली म्हणतात.
हरून गेली बिचारी, वर्तमानपत्रात कोपऱ्यात आलं होतं,
शेजारी फोटो, त्यातली नावं मी दोनदा वाचली.
आता सहा आठवडे समुद्र,
मग ते खाणीचं गाव, मग दार,
मग पेटीतून एकेक वस्तू बाहेर काढणारी आई किंवा बायको.
तिनं विचारलंच, हा डाग कुठला,
तर त्याला म्हणता येईल, इंग्लंडचा.
त्यात खोटं काही नाही.