ओला, सुका

सव्वासातला रामबागेच्या गल्लीत
आधी गाडीचं गाणं शिरतं, मग गाडी.
मी जिन्याच्या तोंडाशी, दोन्ही हातांत दोन डबे.
ओल्यात चहाचा चोथा, दुधीची सालं.
सुक्यात दुधाच्या पिशव्या
आणि गोळ्यांचं एक रिकामं पाकीट.
रिकामं?
"दीदी, डाल भी दो," गाडीवरचा गोलू म्हणतो.
त्याने काल मला फुटपाथवर उकिडवं बसून
तेच पाकीट उलटसुलट करताना पाहिलंय.
काही नव्हतं त्यात.
नव्हतंच, हे तिसऱ्या पायरीपर्यंत ठाम होतं.
चौथीवर विरघळलं.

कुलूप लावताना मी मोठ्याने बोलते,
लावलं. बुधवार. हिरवी ओढणी. लावलं.
कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापाशी पोचेतो
ती हिरवी ओढणी मंगळवारची होऊन जाते.
मग परत. मग कुलूप ओढून बघणं,
कुलपाला दुखेल इतकं.
शेजारच्या किबेकाकू आताशा विचारत नाहीत,
"काय विसरलीस वैजू?"
दार जरा लोटून घेतात.

जावेला निरोप लिहायचा असतो: उद्या फोन करते.
पूर्णविराम दिला तर तुटक वाटेल,
नाही दिला तर घाईत,
फूल टाकलं तर हिला काय झालं आज.
उद्या उजाडतो. निरोप तसाच, अर्धा.

दुकानात मी बावीस वर्षं औषधं देते आहे.
बावीस वर्षांत चूक एकही नाही,
असं मालक म्हणतात.
एकही सापडलेली नाही, असं मी.

एकदा रात्री नऊला चालत मल्हारगंजला गेले.
अंबालालजी सोनगरांना दुपारी पाचच्या गोळ्या दिल्या होत्या,
की पन्नासच्या?
आख्ख्या रस्त्यात मी त्यांची तेरवी उरकली,
त्यांच्या सुनेसमोर हात जोडले,
लायसन्स जमा केलं.
ते जेवत होते. डाळीवर शेव भुरभुरत होते.
उठून, खरकट्या हाताने पाकीट आणलं.
पाचच.
मी जिन्यावरच बसले. त्यांनी पाणी दिलं,
आणि मी न विचारता सांगू लागले सगळं:
कुलूप, गॅस, पूर्णविराम.
म्हातारा ऐकत होता. मग म्हणाला,
"मैं भी भूल जाता हूँ, खाई कि नहीं खाई.
इसलिए गोली खाते ही गिलास उल्टा."
मी लगेच विचारलं, माझं डोकं तयारच असतं,
"और यही भूल गए कि गिलास आपने किया या बहू ने?"
त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं,
दाताच्या फटीतली शेव जिभेने काढली.
"तो गिलास से जिरह थोड़ी करूँगा, बेटा.
सो जाऊँगा."

डॉक्टरीणबाईंनीही पुढे तेच सांगितलं,
आठशे रुपयांत, जरा लांबवून.
शंका आली की तिला उत्तर द्यायचं नाही.
बसू दे म्हणाल्या. चहा विचारू नकोस.
बसते ती. काय बसते!
चपला काढून, पाय वर घेऊन,
माझ्याच खुर्चीत.

आज गोलूने हात पुढे केला आणि मी डबा दिला.
न बघता.
पाकीट गेलं. गाणं गेलं, पुढच्या गल्लीत वळलं,
बारीक झालं.
माझा हात अजून डब्याएवढा वाकलेला.
असेल एक गोळी. कुणाचं मूल उचलेल.
असेल.
पोटात दोरी वळत राहिली आठपर्यंत,
साडेआठपर्यंत.
मग ती सुटली असं नाही,
मला तेवढ्यात भूक लागली.

चहा केला. गॅस बंद केला.
एकदा पाहिलं.
दोनदा. खरं सांगायचं तर दोनदा.
ग्लास धुऊन पालथा घातला
आणि कामावर निघाले.